"एवढा अंधार कुठनं आणलास?" : निपाणीतल्या एका छायाचित्र-प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

छायाचित्रणाच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे प्रत्येकाला एक वैयक्तिक प्रकल्प करावा लागतो. विषय ज्याचा त्याने निवडायचा, वर्षभर त्यात राहायचं आणि शेवटी छायाचित्रांचा एक संच मांडायचा. बेळगावात मी या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. इथे मांडतोय ते प्रकरण निपाणीच्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिच्या परवानगीने लिहितोय. तिचं आणि छायाचित्रांतल्या बायकांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

"सर, मोठ्या लोकांचं काम बघून प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमकं काय घ्यायचं?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. या मुलीच्या प्रकल्पात त्याचं उत्तर टप्प्याटप्प्याने दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगतो. चित्र कसं दिसतं तेवढंच उचललं की नक्कल होते. ते काढणारा कुठे उभा होता, किती काळ थांबला, समोरच्या माणसाशी त्याचं काय ठरलं होतं, हे उचललं तर ते आपल्या गल्लीतही कामाला येतं.

घर आणि विषय

निपाणी म्हटलं की विडीचा तंबाखू. पुणे-बेंगळुरू महामार्गावर, कोल्हापूर आणि बेळगावच्या मध्ये वसलेलं हे गाव तंबाखूच्या वखारींवर वाढलं. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठिय्या दिला होता. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात शेतकरी मारले गेले. वयस्कर माणसांच्या बोलण्यात ते आंदोलन आजही येतं. पण वखारीत आलेला तंबाखू झोडपणं, चाळणं आणि पुढे घरोघरी बसून विडी वळणं हे सगळं काम प्रामुख्याने बायकांचं आहे, आणि त्याची आठवण कुणी फारशी काढत नाही.

आमच्या विद्यार्थिनीची आज्जी तरुणपणी वखारीत चाळणीवर होती. पुढे ती घरी विड्या वळू लागली. काकू अजून वळते. टेंभुर्णीची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर कातरीने कापायची, मांडीवरच्या सुपातला चिमूटभर तंबाखू पानात घालून वळायचं, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात माल दिला की तपासणी होते आणि खराब ठरलेली विडी छाटात जाते. छाटाचे पैसे मिळत नाहीत. हे सगळं त्या मुलीने लहानपणापासून पाहिलेलं. विषय म्हणून ते तिला सुचलं मात्र उशिरा, आणि सुचलं तेही दुसऱ्याच्या चित्रांतून.

प्रेरणांचं फोल्डर

तिच्या मोबाइलमध्ये "इन्स्पिरेशन" नावाचं एक फोल्डर होतं. त्यात शेकडो स्क्रीनशॉट. सर्वांत जास्त ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांचे. ब्राझीलच्या सेरा पेलादा इथल्या सोन्याच्या खाणीत १९८६ साली त्यांनी काढलेली चित्रं बहुतेकांनी पाहिलेली असतात: चिखलाने माखलेले हजारो मजूर, पाठीवर पोती, उभ्या शिड्या. त्या चित्रांनी ती भारावली होती, आणि त्यात वावगं काही नाही. विशीत मलाही त्यांनी असंच धरून ठेवलं होतं.

तिचा पहिला संच आला तो सगळा त्याच छापाचा. आज्जीचे हात अगदी जवळून, कृष्णधवल, नखांतला तंबाखू ठळक. आज्जीची वाकलेली पाठ, बाकी सगळं काळं. दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात सूप आणि मागे मिट्ट अंधार. फोकस चोख, रचना नेटकी. वर्गात सगळ्यांना आवडला. मला अस्वस्थ वाटलं, कारण या चित्रांत निपाणी कुठेच नव्हती. हे हात सोलापूरचे असते, बिहारचे असते, तरी चित्र हेच राहिलं असतं.

अंधार कसा आला होता हे तिनेच फाइली उघडून दाखवलं. खोलीत ट्यूबलाइट होती आणि पूर्वेचं दार उघडं होतं. आयएसओ १६००, एफ/४ आणि १/६० सेकंद या कॅमेऱ्याच्या सेटिंगला सगळी खोली नीट आली असती. तिने मुद्दाम दोन स्टॉप कमी, म्हणजे फक्त पाव उजेड घेतला होता आणि नंतर संगणकावर काळं आणखी खाली ओढलं होतं. सेरा पेलादाच्या चित्रांत ताकद आहे ती त्या खाणीच्या आवाक्यातून आणि तिथल्या गर्दीतून आलेली. दहा बाय बाराच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, तो आवाका नाही. मग तो कॉन्ट्रास्टने, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवून, भरून काढावा लागतो आणि एका राहत्या घराचं भुयार होतं.

हे मी तिला समजावत होतो, पण ते तिला खऱ्या अर्थाने पटवलं आज्जीने. शनिवारी घरी गेल्यावर तिने आज्जीला लॅपटॉपवर संच दाखवला. आज्जी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "घरात टूब हाय, दारातनं ऊन येतंय. मग एवढा अंधार कुठनं आणलास गं?" शेजारची अक्का पाठीचा फोटो बघून एवढंच बोलली, "पाठ दिसती. त्वांड कुठाय?"

सोमवारी तिने हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. छायाचित्रावरची इतकी नेमकी टीका मी परीक्षकांच्या तोंडूनही क्वचित ऐकली आहे.

फोल्डर रिकामं करणं

मी तिला एक काम दिलं. प्रत्येक स्क्रीनशॉटखाली, तो का आवडला हे न लिहिता, तो कसा काढला गेला ते लिहायचं. उजेड कुठला, कॅमेरा किती उंचीवर, समोरच्याला आपला फोटो निघतोय हे ठाऊक होतं का, काढणारा तिथे पाहुणा होता की राहायला होता. माहीत नसेल तर वाचून शोधायचं, सापडलं नाही तर तो स्क्रीनशॉट काढून टाकायचा. फोल्डर भराभर आटलं. जे उरलं त्याच्यावर पुढचा सगळा प्रकल्प उभा राहिला.

एक होते अमेरिकी छायाचित्रकार अर्व्हिंग पेन. १९५० साली त्यांनी पॅरिसमध्ये खाटीक, वेटर, रंगारी, फेरीवाले अशा कामकरी माणसांना स्टुडिओत बोलावून, कामाच्या कपड्यांत आणि हातात आपापली हत्यारं घेऊन उभं केलं. मागे एक जुना नाटकाचा पडदा, बाजूने उत्तरेचा शांत उजेड. फॅशनच्या मासिकात तारकांना जो मान मिळायचा, तोच इथे खाटकाला. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही त्यांनी हेच केलं. दुसरं होतं बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन छायाचित्रकार जोडपं. पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे यांची चित्रं ते ढगाळ दिवशी, अगदी समोरून, एकाच चौकटीत काढत आणि जाळीसारखी शेजारी शेजारी लावत. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेचा! तिसऱ्या भारतीय छायाचित्रकार दयानिता सिंग. दिल्लीच्या तृतीयपंथी मोना अहमद यांच्याशी त्यांची अनेक वर्षांची मैत्री, आणि २००१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकातला मजकूर मोना यांनी स्वतः लिहिलेल्या ई-मेलचा आहे.

चौथी गोष्ट तिला माहीतच नव्हती. ती मी सांगितली, आणि सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच झाला. "तंबाखू चाकिला ऊब आली" हा १९८२ चा लघु माहितीपट निपाणीतच तयार झाला आहे. माहितीपटकार दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या "युगांतर" या गटाने तो केला, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. तंबाखू कारखान्यांतल्या बायका एकत्र कशा आल्या, संघटना कशी बांधली, संप कसा केला याचा तो पट. मला त्याचं मोल वाटतं ते त्याच्या पद्धतीमुळे. गटाने त्या बायकांबरोबर मुक्काम केला, काय दाखवायचं हे त्यांच्याशी बोलून ठरवलं आणि घडलेले प्रसंग त्यांनाच पुन्हा उभे करायला सांगितले. चित्रपट कृष्णधवल आहे, धुळीने भरलेला आहे, पण त्यात एकही बाई फक्त पाठ म्हणून येत नाही.

मुलीने तो आज्जीसोबत पाहिला. आज्जी सलग बघूच शकली नाही. चाळणीचा आवाज आला आणि ती बोलायला लागली: तिची चाळणी कशी होती, नाकाला पदर कसा बांधायच्या, मुकादम काय बोलायचा, घरी गेल्यावर लेकरू जवळ येताना कसं शिंकायचं. मुलीने सिनेमा थांबवला आणि फोनवर ध्वनिमुद्रण चालू केलं. पुढे छायाचित्रांखाली जे शब्द आले त्यांचा उगम तिथे आहे.

तरटाचा पडदा

आता तिने ठरवलं की बायकांची पूर्ण आकाराची व्यक्तिचित्रं घ्यायची, समोरून, हातात आपापली हत्यारं. पेनकडे नाटकाचा पडदा होता. हिने तंबाखूच्या बोदांवरचं, म्हणजे मोठ्या गठ्ठ्यांवरचं, जुनं तरट मिळवलं, तीन तुकडे शिवून एक केले आणि आपल्याच घराच्या सोप्यात टांगले. मला ही कल्पना फार आवडली. तरट दिसायला निपाणीचं, त्याचा पोत सुंदर आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पहिल्या फेरीत मात्र ते चाललं नाही. तरटाचा फिकट तपकिरी रंग आणि उन्हात रापलेल्या चेहऱ्याचा रंग इतके जवळचे की कृष्णधवलमध्ये चेहरा पडद्यात विरघळायचा. फ्लॅश लावून पाहिला, तर चेहरा सपाट झाला आणि बायका डोळे मिटू लागल्या. मार्ग अगदी साधा निघाला. बाईला दाराजवळ आणलं आणि तरट तिच्या मागे पाच-सहा फूट सरकवलं. दारातून येणारा उजेड आत जाताना झपाट्याने कमी होतो. बाई उजेडात राहते, तरट एक-दीड स्टॉप खाली जातं, पोत दिसतो पण चेहऱ्याशी भांडत नाही. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, फक्त चेहऱ्यावर स्पॉट मीटरने घ्यायचं आणि तेच कायम (लॉक) करून ठेवायचं, म्हणजे पांढऱ्या लुगड्याने किंवा उघड्या दाराने कॅमेऱ्याचा हिशोब चुकत नाही. आणि शेवटी तिने कृष्णधवलचा हट्टच सोडला. हिरवं लुगडं, टेंभुर्णीच्या पानाचा मातकट हिरवा, तरटाचा तपकिरी हे रंग एकत्र आल्यावर त्या बायका आजच्या काळातल्या दिसू लागल्या.

वेळेचा प्रश्न अधिक कठीण होता. हजारावर मजुरी असली की प्रत्येक मिनिटाला किंमत असते. पाऊण तास उभं राहायचं म्हणजे तेवढ्या विड्या कमी, आणि ते पैसे त्या घरात लागतात. छायाचित्रकाराने पैसे द्यावेत की नाही यावर आमच्यात खूप वाद झाला. पैसे दिले की खरेपणा जातो असं पुस्तकांत शिकवतात. मला हे या ठिकाणी लागू वाटत नाही. वृत्तपत्राची बातमी असती तर गोष्ट वेगळी. इथे बाई ठरवून, तयारी करून, आपल्यासाठी उभी राहते आहे. विद्यार्थिनीने वेगळा तोडगा काढला. कारखान्यात माल देऊन बायका परतल्यानंतरची वेळ तिने धरली, आणि जिची वेळ घेतली तिच्याबरोबर त्या संध्याकाळी पानं कापायला बसली. वळणं तिला जमत नव्हतं, कापणं जमत होतं. त्या बसण्यात जे बोलणं झालं ते कुठल्याही मुलाखतीत झालं नसतं.

निवड बायकांनीच करायची हा नियमही तिने घातला. छोट्या प्रती काढून आणायची, जमिनीवर पसरायची, आणि जी बाई ज्या चित्राला हो म्हणेल तेच संचात जायचं. इथे तिला बरंच सोडावं लागलं. तिची सगळ्यात लाडकी दोन चित्रं बायकांनी नाकारली. एकात डोळे खाली होते, दुसऱ्यात पदर सरकला होता. एका बाईने कामाचं लुगडं नको म्हणून सणाची साडी नेसली आणि तशीच, हातात सूप घेऊन उभी राहिली. हत्यार आणि साडी जुळत नाही असं मला आधी वाटलं. पण मुद्रित प्रत पाहिल्यावर लक्षात आलं की तिला स्वतःला कसं लक्षात ठेवलं जावं हे त्या साडीने सांगितलं आहे, आणि ते पुसायचा अधिकार आम्हाला नाही.

आणि एक वयस्कर बाई कातर, सूप काहीच घेईना. ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून विडी कामगाराचं ओळखपत्र घेऊन आली. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून दवाखाना आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळते, पण कार्ड असेल तर. या बाईने कार्डासाठी बऱ्याच चकरा मारल्या होत्या. नातीची शिष्यवृत्ती त्याच्यावर आली. तिच्या दृष्टीने तिचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार तेच होतं. संपूर्ण संचात मला हे चित्र सर्वांत मोठं वाटतं. ते आमच्यापैकी कुणालाही सुचलं नसतं.

वखारी

बेखरांची पद्धत तिने वखारींना लावली. जून ते ऑगस्ट निपाणीवर दिवसेंदिवस राखाडी आभाळ असतं, सावल्या पडत नाहीत. असा उजेड बाकी वर्षभर मिळत नाही. रस्त्यावरून कॅमेरा वर उचलला की भिंतींच्या उभ्या रेषा आत झुकतात. बेखरांच्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवून ते टाळता येतं, हिच्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळणारं साधं १८-५५ भिंग होतं. म्हणून समोरच्या घराच्या माडीवर परवानगी काढून चढायचं, वखारीच्या निम्म्या उंचीवर कॅमेरा आणायचा आणि तिपाईवर एफ/८ ला घ्यायचं. कुणाच्या माडीवर चढायला मिळालं त्यावर कुठली वखार संचात आली हे ठरलं. राखाडी आभाळावर सेन्सरवरची तंबाखूची पूड काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागली, तेव्हापासून ती वखारीजवळ भिंग बदलेनाशी झाली.

वखारीच्या आत मात्र जाता आलं नाही. मालकाने नकार दिला, आणि त्याची भीती मला समजते. तंबाखूवर बाहेरून येणारा प्रत्येक कॅमेरा काहीतरी दोष शोधायलाच येतो असा त्याचा समज आहे. चोरून फोटो काढायचा सल्ला एका मित्राने तिला दिला. मी स्पष्ट नाही म्हणालो. आतल्या बायकांची रोजीरोटी त्या मालकाच्या मर्जीवर असते आणि चोरलेल्या चित्राची किंमत त्यांनी मोजली असती.

विडी वळण्याच्या सगळ्या पायऱ्या दाखवणारी एक मालिकाही झाली होती. ती संचातून काढली. माहितीपत्रकासारखी दिसत होती.

मांडणी

शेवटचा संच महाविद्यालयात लागण्याआधी गल्लीतल्या समाजमंदिरात लागला. चित्रांखाली बायकांचे शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड मजकूर अक्काच्या मुलीने लिहिला, कारण गल्लीत दोन्ही भाषा घराघरांत आहेत आणि काही बायका एकच वाचतात. प्रत्येकीला चित्राची मोठी प्रत दिली. प्रतीचा खर्च भारी पडला, तो तिने दोन लग्नांच्या ऑर्डरी घेऊन भागवला.

परीक्षकांनी एक प्रश्न रास्त विचारला. विडीने माणसं मरतात; ती वळणाऱ्यांना एवढ्या मानाने उभं करताना त्या विषाचं काय? तिने एका चित्राखालचा मजकूर वाचून दाखवला. त्यात ती बाई म्हणते की खोकला कायमचा लागला आहे, नवरा विडीनेच गेला, आणि दुसरं काम कुणी दिलं तर उद्या सोडते. परीक्षकांचं त्यावर समाधान झालं. माझं पूर्ण झालं नाही. धंदा आणि त्यात अडकलेली माणसं यांतला हा ताण संचात शब्दांनी पेलला आहे, चित्रांनी अजून नाही. हे मी तिला सांगितलं आहे आणि तिलाही ते मान्य आहे. त्या बाईच्या नवऱ्याच्या रिकाम्या जागेचं चित्र काढायचं का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, आधी तिला विचार.

पुढचं काम तिने ठरवलं आहे. व्यक्तिचित्रांचा अल्बम घेऊन ती वखारीच्या मालकाला पुन्हा भेटली. अल्बममध्ये त्याच्याकडे पूर्वी कामाला असलेली एक बाई त्याने ओळखली. हंगाम झाल्यावर ये, असं तो म्हणाला आहे. परवानगी मिळाली तर आत तिपाई, एकच भिंग आणि चाळणीवरच्या बायकांशी आधी बोलणं. नाही मिळाली तर सुटीच्या वेळेला वखारीच्या दारासमोरच तरट टांगायचं, आणि जी बाई थांबायला तयार असेल तिथून सुरुवात करायची.